दाखवायचं कपाट

माझ्या भावासारखा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर हजारदा सांगितलंय. दादा पॉलिशवाला. लोकांनी फेकलेलं लाकडी सामान आणायचं, खरवडायचं, भोकं बुजवायची आणि असं चमकवायचं की ज्यानं फेकलं त्यानंच येऊन भाव विचारावा. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानामागच्या शेडमध्ये तो काम करायचा. तीस वर्षं भुसा आणि स्पिरिट नाकात घेतलं त्यानं. तोंडाला फडकं बांध म्हटलं की म्हणायचा, फडकं बांधलं तर लाकडाचा वास कसा कळणार? घ्या!

घरात आम्ही तिघं. दादा, मी त्याची धाकटी बहीण, आणि त्याची मुलगी बारकी. हे नाव ती पाळण्यात होती तेव्हाचं. आता ती आम्हा दोघांपेक्षा उंच, दारातून येताना मान वाकवते, तरी बारकीच. वहिनी गेली तेव्हा पोर चौथीत होती. मी त्याआधीच नवऱ्याचं घर सोडून आले होते, त्यामुळे कुणी कुणाला ठेवून घेतलं हा प्रश्नच आला नाही. मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुते. म्हणजे मशीन धुतं, मी मशीनशी भांडते.

बारकी अकरावीत असताना तिच्या शाळेतून मला बोलावणं आलं. दादाला शाळेत जायचं म्हटलं की घाम फुटतो, म्हणून सगळीकडे मीच. पुढच्या शिक्षणाचं बघणाऱ्या एक बाई आहेत तिथं, चष्मा डोक्यावर ठेवून तो दिवसभर शोधणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीला पूल बांधायचं शिकायचंय. तिला मिळेल प्रवेश, त्याची मला काळजी नाही. पण परगावचं कॉलेज, वसतिगृह, पुस्तकं. पैशाचं काय ठरवलंय?"

"अजून अकरावीच आहे की," मी म्हटलं.

"ठरवायचं वर्ष हेच. बारावीत फार उशीर होतो." आणि त्यांनी आकडा सांगितला.

मी विचारलं, "चारही वर्षांचा ना?"

"एका वर्षाचा."

मी पाणी मागितलं.

कर्जाची वाट आधीच बंद होती. बँकेला कायम पगाराचा जामीन लागतो. मी कंत्राटावर, दादा रोजंदारीवर. आमच्या ओळखीत कायम पगार कुणाला असेल तर तो फक्त माझ्या सुपरवायझरला, आणि तो मला सणसणीत शिव्यांशिवाय काही देत नाही. मग बाईंनी एका संस्थेचं सांगितलं. अकरावीतच मुलं निवडतात, चारही वर्षांचा सगळा खर्च उचलतात. मार्क बघतात, मुलाशी बोलतात, आणि शेवटी घरी येतात. "घरी येऊन गरज बघतात," बाई म्हणाल्या. "कागदावर काय, कुणीही काहीही लिहितं. तुम्ही काही करू नका. घर आहे तसंच ठेवा."

घर आहे तसं! तिथंच तर घोळ होता.

आमचं घर म्हणजे बॅटऱ्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. भिंतींना ओल, संडास सगळ्या मजल्याचा मिळून एक. पण आत पाऊल टाकलं की माणूस दचकतो. नक्षीच्या पायांचं टेबल, तीन खुर्च्या, आणि समोरच्या भिंतीला ते कपाट. पुरुषभर उंच, दारांवर वेलबुट्टी, आणि पॉलिश असं की त्यात बघून भांग पाडावा. वहिनी गेली त्या हिवाळ्यात दादानं ते कचऱ्याच्या ढिगावरून उचलून आणलं होतं. वाळवीनं अर्धं खाल्लेलं. रोज कामावरून आला की त्याच्यापुढं बसायचा, ना बोलायचा ना जेवायचा. मी तेव्हा काही बोलले नाही. मी गप्प बसले असे प्रसंग आयुष्यात थोडेच.

आता त्या कपाटातलं खरं काय ते सांगते. आत लाकूड नावापुरतं. बाकी सगळा लगदा, भुसा आणि सरस कालवून दाबून भरलेला. मी एकदा त्यात इस्त्री ठेवली तर फळी इस्त्रीसकट खाली आली. बाजारात नेलं तर घेणारा महिन्याभरात परत येऊन दादाच्या डोक्यात घालेल. पण दुकानाचा मालक मोठं गिऱ्हाईक असलं की आधी आमच्या घरी पाठवायचा, कामाचा नमुना बघायला. गिऱ्हाईक दारावर हात फिरवायचं, वा वा करायचं, आणि काम पक्कं व्हायचं. दादाच्या धंद्यात एक नेम आहे. भोक कुठं बुजवलंय ते गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नाही. गिऱ्हाईक उभं असेपर्यंत तर नाहीच नाही.

खोकल्याचंही त्यानं तेच केलं होतं. हॉस्पिटलात मी ओळखीनं त्याच्या छातीचा फोटो काढून घेतला, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं कामातून गेलीत, हे काम आजच्या आज सोडायला लावा. दादा म्हणाला, बघू. शेडमध्ये कुणाला पत्ता लागू दिला नाही. मालक समोर आला की खोकला आत दाबायचा, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगायच्या. महिन्यातले निम्मे दिवस तर तो कामावर जायचाच नाही, आणि बारकीला सांगायचा की हल्ली मंदी आहे.

तर मी त्याला समजावलं. दादा, संस्थेची माणसं यायच्या दिवशी हे कपाट खालच्या दुकानदाराच्या गोदामात ठेवू. एका दिवसाचा प्रश्न. तो "हं" म्हणाला. त्याच्या "हं"वर विश्वास ठेवणारी मी महामूर्ख.

त्या दिवशी कामावरून घरी आले तर दुसऱ्या मजल्यावरच स्पिरिटचा वास नाकात शिरला. डोक्यात तिडीक गेली माझ्या. वर जाऊन बघते तर कपाट जागच्या जागी, आणि त्याला पॉलिशचा ताजा हात. टेबलाला, खुर्च्यांनाही. सगळं लखलखतंय आणि मधे दादा इस्त्रीचा शर्ट घालून उभा.

"दादा, हे काय करून ठेवलंस?"

"माणसं यायचीत घरी."

"म्हणूनच हलवायचं होतं ना!"

"तुला धंद्यातलं काय कळतंय?" तो शांतपणे म्हणाला. त्याचा हा शांतपणा मला जन्मात सहन झालेला नाही. "लोक आपली चीज कुणाच्या हातात देतात? ज्याच्या घरची खुर्ची डुगडुगत नाही त्याच्या. एवढा पैसा लावणार ते पोरीवर. कुणाची पोर आहे हे बघायलाच येतायत."

"अरे, ते गरिबी बघायला येतायत!"

"मग काय, घराचा उकिरडा करून दाखवू? माझ्या पोरीला भिकाऱ्याची पोर म्हणून पाठवू?"

बारकी खिडकीशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, म्हटलं निदान ही तरी बोलेल. ती म्हणाली, "राहू दे ना आत्या. बाबांचं काम कुणालाही आवडतं." आणि तिनं बाबाच्या कॉलरवरचा भुसा झटकला. काय करायचं या बापलेकीचं? मी हात टेकले. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

संस्थेच्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, जिना चढून धापा टाकत आलेल्या, आणि बरोबर फोटो काढायला एक तरुण. बाई वाईट नव्हत्या. मला त्यांना वाईट म्हणायला आवडलं असतं. नीट बोलल्या, बारकीला पुलांबद्दल विचारलं, आणि बारकी बोलायला लागली तेव्हा हातातलं पेन खाली ठेवून ऐकलं. मग त्या उठल्या, कपाटापाशी गेल्या आणि दारावर हात फिरवला.

"हे कुणाचं काम?"

"माझं," दादा म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

"काय किंमत असेल याची?"

मी जीभ चावली. देवा, याला खोटं बोलायची बुद्धी दे. पण त्यानं किंमत सांगितली. मोठ्या दुकानात, काचेमागे, दिव्याखाली असल्या कपाटाला जी चिठ्ठी लागते ती किंमत. वर म्हणाला, "पण हे विकायचं नाही."

बाईंनी मान हलवली. तरुणानं फोटो काढला. "तब्येत कशी असते तुमची? कामाला त्रास?"

"ठणठणीत," दादा म्हणाला आणि पाण्याचा ग्लास उचलला. ती माणसं होती तोवर तो घोट घोट पाणी पीत होता आणि खोकला गिळत होता. तोंड विटेसारखं लाल झालेलं. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प. ती दोघं जिना उतरली आणि हा मोरीपाशी जाऊन जो खोकायला लागला, तो दम संपेपर्यंत. बारकी पाठ चोळत होती. मधेच श्वास मिळाला तेव्हा म्हणाला, "आवडलं त्यांना. हात फिरवला तेव्हाच कळलं मला."

निकाल मला शाळेच्या बाईंनी सांगितला. चष्मा आज डोळ्यांवर होता. नाव यादीत नव्हतं. गरज दिसली नाही, म्हणे. ज्यांच्या घरात एवढ्या किमतीची वस्तू आहे आणि ती विकायची तयारी नाही, त्यांच्याआधी ज्यांच्या घरात काहीच नाही त्यांचा विचार करावा लागतो. मला संताप आला, पण कुणाचा करू? त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शाळेच्या बाईंनी भांडून एक गोष्ट मिळवली होती. एक जागा अजून रिकामी होती, आणि घरी आलेल्या संस्थेच्या मॅडम एकदाच परत यायला तयार होत्या, दाखवण्यासारखं काही वेगळं असेल तर.

बारकीला मी शाळेच्या आवारातच सांगितलं. रडली नाही. बराच वेळ चपलेनं माती उकरत बसली. मग म्हणाली, "आत्या, मंदीबिंदी काही नाहीये ना?"

मी तिला सगळं सांगितलं. छातीच्या फोटोचं, डॉक्टरांचं, निम्मे दिवस दम लागून काम बुडण्याचं. लपवून ठेवायचा मला कंटाळा आला होता.

दादाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्यांना कामाची पारख नाही." दोन दिवस जेवणावरून उठत होता. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढं बसले आणि म्हटलं, "त्या परत येतायत. डॉक्टरांचे कागद दाखव. कपाट उघडून आतली फळी दाखव. एवढंच करायचंय, दादा. पोरीसाठी."

"मी माझ्या तोंडानं सांगणार नाही."

"मग मी सांगते."

"तू सांगितलंस तर या घरात राहू नकोस."

आजवर आम्ही भांड्याला भांडं लागल्यासारखे रोज भांडलो, पण हे वाक्य त्यानं कधी काढलं नव्हतं. माझ्या तोंडाला कुलूप लागलं. रागानं लागलं की भीतीनं, ते मला आजही सांगता येणार नाही. मला दुसरं घर नाही.

त्या मॅडम या वेळी एकट्याच आल्या. दादा तोच शर्ट घालून बसला. कपाट तसंच चमकत होतं. मॅडमनी विचारलं, "मागच्या वेळी सांगायचं राहिलं असं काही आहे का?" दादा जमिनीकडे बघत होता. मी माझ्या बोटांकडे. मॅडमनी पर्स उचलली.

बारकी उठली. कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पेटीतून तिनं बाबाची पटाशी काढली, लाकूड तासायची, धारेची. कपाटापुढं जाऊन उभी राहिली. उजव्या दाराच्या बरोबर मधे, जिथं सगळे हात फिरवायचे तिथं, तिनं पटाशीचं टोक टेकवलं आणि दाबलं. हातोडी लागलीच नाही. ओल्या साबणात सुरी जावी तशी ती आत गेली. बारकीनं ती फिरवली, आणि पॉलिशसकट एक मोठा ढलपा निघून खाली पडला. मागोमाग भुसा, वाळवीची जुनी माती, सगळं भरभरून जमिनीवर.

"हे सगळं असंच आहे," ती म्हणाली. "याला कुणी काही देणार नाही. बाबा महिन्यातले निम्मे दिवस कामाला जात नाहीत. त्यांना जाता येत नाही." मग ती दादाकडे वळली. "बाबा, खोकला दाबू नका."

दादा तिच्याकडे बघत राहिला. शिरा फुगलेल्या होत्या. त्यानं अजून जरा धरून बघितलं, खरंच बघितलं, आणि मग ते त्याच्या हातात राहिलं नाही. खुर्चीवरून वाकून, टेबलाची कड धरून तो खोकत होता आणि मॅडम धावत जाऊन पाणी आणत होत्या.

जरा थांबल्यावर त्या म्हणाल्या, "मला फोटो घ्यावा लागेल. माफ करा." कपाटाचा एकट्याचा नाही, दादाबरोबर हवा होता. दादा उठला. तोंड पुसलं, त्या भोकाशेजारी जाऊन उभा राहिला आणि कॉलर सरळ केली.

मॅडम गेल्यावर तो बारकीला एवढंच म्हणाला, "पटाशी जागेवर ठेव. पात्याला तेल लाव."

बारकीला मिळाली ती जागा. चारही वर्षांचा सगळा खर्च. शाळेच्या बाईंनी मला मिठी मारली आणि चष्मा पाडला. मी पेढ्यांऐवजी धुलाईघरातल्या सगळ्यांना चहा पाजला, सुपरवायझरलासुद्धा. घरी आले तर कपाट तोंड भिंतीकडे करून उभं. दादानं एकट्यानं ते वळवलं होतं, त्या तसल्या दमात. आतले कपडे टेबलावर रचलेले. मी दोरी आणून बांधली आणि कपडे त्यावर टाकले.

पुढं दुकानाचा मालक एकदा गिऱ्हाईक घेऊन आला. दादानं दारातूनच सांगितलं, "कपाट विकलं." मालकाला कपाटाची पाठ दिसत होती. तो गिऱ्हाइकाला घेऊन गेला आणि त्यानंतर काम आलं नाही. बारावीचं वर्षभर बारकी त्या टेबलाशी अभ्यास करायची आणि समोर कपाटाच्या रंधा न मारलेल्या, खरबरीत फळ्या. बापलेक बोलायची, नाही असं नाही. जेवलीस का, जेवलात का, दिवा घालवू का. जायच्या दिवशी तिनं त्या फळ्यांवर हात ठेवला. "बाबा, मी सुट्टीत आले की आपण दोघं भरू ते भोक."

"तू आधी तुझे पूल बांध," दादा म्हणाला. तो तिच्या बॅगेला दोरी बांधत होता. गाठ त्यानं तीनदा सोडून बांधली.

आता ती तिथं आहे, दुसरं वर्ष चालू आहे. दादा खाटेवरून मोरीपर्यंत जातो आणि भिंत धरून थांबतो. हे तिला सांगायचं नाही, अशी मला शपथ. कळलं तर ती सगळं सोडून उद्या दारात उभी राहील, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

दर रविवारी तिचा फोन येतो. दोन प्रश्न ठरलेले.

"बाबा, कपाट कसंय?"

"झकास. परवाच हात मारला. नुसता आरसा झालाय."

"आणि तब्येत?"

"ठणठणीत."

पहिल्या वर्षी ती तासभर बोलायची. हल्ली हे दोन प्रश्न झाले की "ठेवते हं बाबा, मैत्रिणी थांबल्यात." मी मनात तिला लाखोली वाहिली. म्हटलं, झालं, लागलं शहरचं वारं, बापाशी बोलायला वेळ नाही. तिची वसतिगृहाची खोली, तिची पुस्तकं, सगळं कशावर उभं आहे ते विसरली कार्टी.

गेल्या रविवारी दादाचं "ठणठणीत" निम्म्यातच अडकलं. "ठण" म्हणाला आणि मानेच्या शिरा वर आल्या. तिकडून लगेच, "ठेवते बाबा, मैत्रिणी थांबल्यात!" आणि फोन बंद. दादानं फोन उशीवर टाकला आणि त्याला जी उबळ आली ती थांबेना. मी पाठ धरून बसले होते तेवढ्यात माझा फोन वाजला. बघते तर बारकी. मी जिन्यात गेले आणि मागं दार घट्ट ओढून घेतलं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "मी ठेवल्यावर नीट खोकता येतं ना त्यांना? थांबला का आता?"

मला कुणी तोंडात मारावी तसं झालं. मैत्रिणीबित्रिणी कुणी नव्हत्या. बापाचा दम किती पुरतो ते तिला माहीत होतं, आणि तो संपायच्या आत ती फोन ठेवत होती. दर रविवारी.

दारामागून आवाज येत होता. मी जिन्याच्या दोन पायऱ्या अजून खाली उतरले.

"थांबला की," मी म्हटलं. "केव्हाच थांबला. तू अभ्यास कर."